अँजेला रुजिएरो : बचावपटूची कारकीर्द कशी वाचायची

सामने २५६, गोल ६७, असिस्ट १४१, गुण २०८. अमेरिकेच्या आइस हॉकी संघासाठी अँजेला रुजिएरो जेवढी खेळली, त्याची ही एका ओळीतली नोंद. २०११च्या डिसेंबरात तिनं निवृत्ती जाहीर केली तेव्हा २५६ हा आकडा अमेरिकेकडून खेळलेल्या कुठल्याही खेळाडूपेक्षा, पुरुष धरूनही, मोठा होता. आपल्याकडे गोव्यात मात्र नजर आधी गोलांवर जाते. चार सामन्यांत जेमतेम एक गोल, मग एवढं कौतुक कशाचं? ती बचावात खेळायची, याचं. फुटबॉलच्या भाषेत सांगायचं तर फुलबॅक. फुलबॅकची कारकीर्द गोलांच्या रकान्यात शोधायला गेलं की हाती काही लागत नाही.

आधी असिस्टचा हिशेब. फुटबॉलमध्ये गोलामागे एकच असिस्ट धरतात. आइस हॉकीत एका गोलाला दोनपर्यंत असिस्ट मिळू शकतात: गोल करणाऱ्याला पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चपटी चकती) देणाऱ्याला एक, आणि त्याच्याआधी पक देणाऱ्याला दुसरा, मध्ये प्रतिस्पर्ध्याकडे ताबा गेला नसेल तर. हल्ला बहुतेक वेळा आपल्याच गोलच्या मागून सुरू होतो. पक उचलून पहिला पास बचावपटू देतो, त्यामुळे दुसऱ्या असिस्टवर त्याचंच नाव लागतं. गोल आणि असिस्ट सारख्याच वजनाचे, एकेक गुण. म्हणजे २०८पैकी १४१ गुण पासांचे आहेत. यातून एवढं कळतं की चेंडू, म्हणजे पक, बाहेर काढण्याचं काम तिच्याकडे होतं आणि ती ते बिनचूक करत होती. तिनं किती गोल होऊ दिले नाहीत, याला मात्र या ओळीत रकानाच नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे ‘प्लस-मायनस’. तुम्ही बर्फावर असताना आपल्या संघानं गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. पॉवर प्लेवर, म्हणजे शिक्षेमुळे समोर एक खेळाडू कमी असताना, केलेला गोल यात मोजत नाहीत. पण चांगल्या संघातल्या सुमार खेळाडूचाही हा आकडा फुगतो, म्हणून तो एकटा वाचू नये.

रुजिएरो बर्फाळ प्रदेशातली नाही. जन्म ३ जानेवारी १९८०, कॅलिफोर्नियात. ती वाढली सिमी व्हॅलीत, लॉस एंजेलिसच्या जवळ. तिथं हिवाळ्यातही तळं गोठत नाही. वडील धाकट्या भावाचं नाव हॉकीत घालायला गेले, तिथं मुलं कमी पडत होती, म्हणून बहिणींचीही नावं लिहिली गेली. वय तेव्हा सात. उष्ण प्रदेशात हा खेळ शिकायचा तर सगळा भरवसा यंत्रावर, आणि ते यंत्र गोवेकरांना परकं नाही.

मालीमच्या जेटीवर ट्रॉलरमध्ये बर्फाच्या लाद्या चढतात. त्या ज्या पद्धतीनं तयार होतात, तीच रिंकची, म्हणजे खेळायच्या बर्फाच्या मैदानाचीही पद्धत. बर्फाच्या कारखान्यात अमोनियाचा कॉम्प्रेसर खारं पाणी शून्याखाली नेतो आणि त्यात पाण्याचे डबे बुडवून ठेवतात. रिंकमध्ये हेच खारं पाणी, बहुतेक ठिकाणी कॅल्शियम क्लोराइडचं, काँक्रीटच्या लादीत पुरलेल्या नळ्यांतून फिरतं. नळ्यांमधलं अंतर ९-१० सेंटिमीटर, म्हणजे एका रिंकखाली पंधरा-सतरा किलोमीटर नळी. उत्तर अमेरिकेतली रिंक ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद, बर्फाची जाडी अडीच ते तीन सेंटिमीटर. गुणाकार केला तर चाळीसेक हजार लिटर पाणी होतं, पण ते एकदम ओतत नाहीत. एक-दीड मिलिमीटरचे पातळ थर एकावर एक गोठवत जातात. घाईनं जाड थर दिला की वरचा भाग आधी गोठतो, आत हवा अडकते आणि बर्फ ठिसूळ होतो. लादीच्या मधोमध दिसणारा पांढरा गाभा याच हवेचा. दोन सत्रांमध्ये रिंकवर गाडी फिरवून गरम पाणी टाकतात, साधारण ६० अंश किंवा त्याहून जास्त, त्यामागेही हेच: गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, आणि ते स्केटनं पडलेल्या चरांच्या कडा वितळवून त्यांत नीट बसतं.

हॉकीसाठी बर्फाचा पृष्ठभाग उणे पाच-सहा अंशांवर ठेवतात, फिगर स्केटिंगला त्याहून थोडा मऊ. आपल्या हवेत अडचण उष्णतेपेक्षा दमटपणाची येते. बाहेरची ओली हवा आत शिरली की बर्फावर धुकं धरतं, छताला पाणी सुटतं, ते थेंब खाली पडून जागच्या जागी गोठतात आणि रिंकवर टेंगळं उठतात. त्यावर उपाय कॉम्प्रेसर वाढवण्याचा नाही, हवा कोरडी करणारं वेगळं यंत्र बसवण्याचा. आणखी एक गोष्ट जमिनीखाली घडते. लादीच्या खाली उष्णतारोधक थर आणि त्याखाली जमीन किंचित कोमट ठेवणाऱ्या नळ्या नसतील तर काही वर्षांत मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि अख्खी लादी उचलली जाते. पावसाळ्यात जिथं विहिरी काठोकाठ भरतात, तिथं या थरात काटकसर करून चालणार नाही.

असो, पुन्हा रुजिएरोकडे. शाळेची शेवटची वर्षं कनेक्टिकटमधल्या चोट रोझमेरी हॉल या निवासी शाळेत. शाळा संपायच्या आतच १९९८चं नागानो ऑलिंपिक आलं. महिलांची आइस हॉकी ऑलिंपिकमध्ये आली तीच त्या वर्षी. अमेरिकेनं अंतिम सामन्यात कॅनडाला ३-१ हरवलं. रुजिएरो नुकतीच अठरा वर्षांची झालेली, संघात सगळ्यांत लहान. सुवर्णपदक घेऊन परत आली ती बारावीची परीक्षा द्यायला, असं आपल्या हिशेबानं म्हणता येईल.

यापुढची तेरा वर्षं समजून घ्यायला पदकांपेक्षा कॅलेंडर जास्त उपयोगी. त्या काळी महिला खेळाडूला पोट भरेल एवढा पगार देणारी लीग नव्हती. मग कारकीर्द दोन खांबांवर उभी राहायची: कॉलेज आणि राष्ट्रीय संघ. कॉलेजचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, सामने तीसच्या आसपास, तेही बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी, म्हणजे आठवड्याचे वर्ग बुडत नाहीत. वर्ल्ड चॅम्पियनशिप वसंतात, कॉलेजचा हंगाम संपल्यावर. ऑलिंपिक फेब्रुवारीत, म्हणजे हंगामाच्या ऐन मध्यात, आणि त्याआधी कित्येक महिने संघ एकत्र राहून सराव करतो. त्यामुळे ऑलिंपिकच्या वर्षी कॉलेज सोडावंच लागतं. नियमाप्रमाणे खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम मिळत, पण राष्ट्रीय संघासाठी थांबलेल्यांना त्यातून सवलत होती. रुजिएरो १९९८मध्ये हार्वर्डला गेली आणि पदवी घेऊन बाहेर पडली २००४मध्ये. सहा वर्षं पाहून कुणी नापास झाली समजू नये. मधे सॉल्ट लेक सिटीचं ऑलिंपिक होतं. पदवी राज्यशास्त्राची.

हार्वर्ड आयव्ही लीग या जुन्या विद्यापीठांच्या गटातलं. या लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, घरच्या परिस्थितीवर मदत मिळते. प्रवेश मिळवायचा तर आधी अभ्यास दाखवावा लागतो. पहिल्याच हंगामात, १९९८-९९मध्ये, हार्वर्डनं ३४पैकी ३३ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेची महिलांची स्पर्धा तेव्हा सुरू व्हायची होती, ती आली २००१मध्ये. त्या स्पर्धेत रुजिएरोच्या हार्वर्डला दोनदा उपविजेतेपदावर थांबावं लागलं: २००३मध्ये मिनेसोटा-डुलूथनं दुसऱ्या जादा वेळेत ४-३ हरवलं, २००४मध्ये मिनेसोटानं ६-२. त्याच २००४मध्ये कॉलेजच्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा पॅटी काझमायर पुरस्कार तिला मिळाला. हा पुरस्कार बचावपटूच्या वाट्याला सहसा येत नाही, तो गोलांकडे बघून दिला जातो. तिच्याच संघातली जेनिफर बॉटरिल तो दोनदा घेऊन गेली होती, आणि ती कॅनडाची. सहा महिने एका ड्रेसिंग रूममध्ये बसायचं आणि एप्रिलमध्ये एकमेकींसमोर उभं राहायचं, ही या खेळातली नेहमीची गोष्ट.

आता ती बर्फावर नेमकं काय करायची ते पाहू. सामन्याला सहा बचावपटू, म्हणजे तीन जोड्या. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं. एक खेळाडू सलग ४०-४५ सेकंद खेळतो आणि कठड्यावरून आत जातो, खेळ न थांबता. या चाळीस सेकंदांना शिफ्ट म्हणतात. मिनिटाच्या पुढे गेलं की पाय जड होतात आणि चूक ठरलेली. सगळ्यांत जास्त गडबड दुसऱ्या सत्रात होते, कारण बाजू बदलल्यानं आपलं बाकडं आपल्या गोलपासून लांब पडतं. दमलेली जोडी आपल्याच भागात अडकली की बदलीला जाता येत नाही, आणि समोरचा संघ ताजे खेळाडू आणत राहतो. अशा वेळी शहाणा बचावपटू पासाच्या भानगडीत पडत नाही. पक कठड्यावर आपटून निळ्या रेषेबाहेर, म्हणजे आपल्या भागाबाहेर, काढतो आणि पळतो बाकड्याकडे. पक मधल्या लाल रेषेच्या अलीकडून मारून थेट पलीकडच्या गोलरेषेपार गेला तर मात्र ‘आयसिंग’ होतं: खेळ पुन्हा आपल्याच गोलपुढे सुरू होतो. म्हणून जोर मोजून मारावा लागतो.

महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात अंगावर जाऊन धडक देता येत नाही. १९९०च्या पहिल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये धडक चालत होती, नंतर ती काढून टाकली. मग उरतो कोन. हल्ला करणारी समोरून येते, बचावपटू तोंड तिच्याकडे ठेवून उलटी स्केट करते. दोघींमधलं अंतर एक ते दीड स्टिकचं. जास्त ठेवलं तर ती मोकळेपणानं फटका मारते, आणि तुम्ही मध्ये उभे असल्यानं गोलकीपरला पक दिसत नाही. कमी ठेवलं तर एका हुलकावणीत ती पार. नजर पकवर नको, छातीवर हवी, कारण स्टिक फसवते, धड फसवत नाही. स्टिक एका हातात, पातं बर्फावर टेकवलेलं, मधली वाट अडवून तिला कठड्याकडे ढकलत न्यायचं. गोव्यातल्या पेडेच्या हॉकी टर्फवर फुलबॅक समोरच्याला बाजूरेषेकडे नेतो तेच हे, फक्त वेग दुप्पट आणि मैदान टर्फच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं लहान.

हल्ल्यात तिची जागा समोरच्या संघाच्या निळ्या रेषेवर. समोरचा खेळाडू दोन मिनिटं बाहेर बसला की पाचास चार होतात, हा पॉवर प्ले. क्रिकेटमधल्याशी याचा संबंध नाही. गोल झाला की छोटी शिक्षा तिथंच संपते. या वेळी निळ्या रेषेवरून डावी-उजवीकडे पास फिरवत जागा शोधायची आणि फटका मारायचा तो गुडघ्याखाली. उंच फटका गोलकीपरला स्पष्ट दिसतो. खालचा फटका पुढे उभ्या असलेल्यांच्या स्टिकला लागून दिशा बदलतो. पक निळ्या रेषेबाहेर निसटला तर आपल्या सगळ्यांना बाहेर येऊन पुन्हा आत यावं लागतं, आणि त्यात वीस-पंचवीस सेकंद जातात. पॉवर प्ले म्हणजे गोल नव्हे, हे २००२च्या सॉल्ट लेक सिटीच्या अंतिम सामन्यात दिसलं. कॅनडाला लागोपाठ आठ शिक्षा झाल्या, तरी सामना कॅनडानं ३-२ जिंकला. रुजिएरोला रौप्य, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम बचावपटू हा मान. २००६ला तूरिनमध्येही तोच मान मिळाला, पदक कांस्य. तिथं स्वीडननं उपांत्य सामन्यात पेनल्टी शॉटवर अमेरिकेला हरवलं. तोवर अमेरिकेच्या महिला कॅनडा सोडून कुणाकडून हरल्या नव्हत्या. २०१०मध्ये व्हँकूव्हरला पुन्हा रौप्य, कॅनडा २, अमेरिका ०, दोन्ही गोल मारी-फिलिप पूलँचे. मधे २००५ला स्वीडनमधल्या लिंकोपिंगला वर्ल्ड चॅम्पियनशिपचा अंतिम सामना गोलशून्य राहिला, पेनल्टी शॉटवर गेला, आणि निर्णायक गोल रुजिएरोचा. अमेरिकेचं ते पहिलं विश्वविजेतेपद, त्याआधीची आठही कॅनडाची. कारकिर्दीत अशी चार झाली.

२८ जानेवारी २००५ला तिनं धडक चालते अशा पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात खेळून पाहिलं. संघ टल्सा ऑयलर्स, ओक्लाहोमातला, सेंट्रल हॉकी लीगचा. गोलकीपर तिचा भाऊ बिल, ज्याच्यामुळे ती हॉकीत आली तोच. गोलकीपर म्हणून स्त्रिया त्याआधी खेळल्या होत्या, पण उत्तर अमेरिकेतल्या पुरुषांच्या व्यावसायिक सामन्यात मैदानी जागेवर खेळणारी ती पहिली. टल्सा ७-२ जिंकलं, तिच्या नावावर एक असिस्ट. एका सामन्यावरून फार काही ठरवता येत नाही, आणि तो प्रसिद्धीसाठी होता असं म्हणणारेही होते. पण धडक चालते तिथं बचावपटूच्या अंतराचा सगळा हिशेब बदलतो. कठड्यापाशी पक उचलताना मागून येणाऱ्याकडे एकदा खांद्यावरून बघून घ्यावं लागतं, नाहीतर सामना तिथंच संपतो. ती शेवटपर्यंत खेळली, यातच बरंच आलं.

टर्फवरची हॉकी खेळलेल्या कुणाला लेह किंवा गुरुग्रामच्या रिंकवर जाऊन पाहायचं असेल तर थोडं. पकचं वजन १५६ ते १७० ग्रॅम, आपल्या हॉकीच्या चेंडूइतकंच, पण तो उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवतात. स्टिकच्या दोन्ही बाजू वापरता येतात, म्हणून मनगट फिरवून पातं उलटं करायची सवय मोडावी लागते, आणि याला वेळ लागतो. टर्फवर सगळे एकाच हाताचे, इथं डावे आणि उजवे दोन्ही. रुजिएरो उजव्या हाताची. कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं. नवखे वाकतात, वजन पंजावर जातं आणि तोंडघशी पडतात.

आणि स्केटची धार. ब्लेडचा तळ सपाट नसतो, लांबीभर खोलगट खाच असते आणि तिच्या दोन कडा म्हणजे दोन धारा. खाचेच्या गोलाईची त्रिज्या सर्वसाधारणपणे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्रिज्या कमी केली की खाच खोल होते, पकड वाढते आणि घसरण कमी होते. अंगानं भारी खेळाडू उथळ खाच घेतात, कारण त्यांचं वजनच धार रुतवतं. साधारण १५-२० तासांच्या खेळानंतर धार लावावी. लावून झाल्यावर ब्लेडवर आडवी पट्टी ठेवून बघायची. ती तिरकी बसली तर एक धार उंच आहे, मग एका बाजूच्या वळणावर पाय सटकतो आणि माणूस उगाच घोट्याला दोष देत राहतो. गोव्यात परत आणलेले स्केट प्लास्टिकच्या कव्हरात ठेवू नका. आत ओल राहते, खाऱ्या हवेत आठवडाभरात तांबेरा धरतो, आणि धारेवरचा खड्डा घालवायला बरंच पोलाद घासून टाकावं लागतं. फडक्यानं पुसा, वाळवा, तेलाचा हात फिरवा, टॉवेलच्या कापडाची पिशवी घाला.

खेळ संपण्याआधीच तिचं पुढचं काम सुरू झालं होतं. २०१०ला खेळाडूंनी तिला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीवर निवडून दिलं, आठ वर्षांसाठी. २०१६ ते २०१८ तिथल्या खेळाडू आयोगाची ती अध्यक्ष होती. लॉस एंजेलिसनं ऑलिंपिक मागितलं तेव्हा त्या मागणीची आखणी तिच्याकडे होती. मधे हार्वर्डमधूनच एमबीए. २०१५ला टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये नाव गेलं, स्त्रियांमध्ये चौथं. भारताच्या महिलांनी २०२५मध्ये आइस हॉकीच्या आशिया चषकात पहिलं कांस्य मिळवलं. त्या संघातल्या बहुतेक मुली लडाख आणि हिमाचलच्या, वर्षातला बराच सराव गोठलेल्या तळ्यांवर. सिमी व्हॅलीच्या मुलीला निदान बारा महिने रिंक होती.

२०१०चा अंतिम सामना पाहायला मिळाला तर एक करा. दोन शिफ्ट पक सोडून द्या आणि फक्त अमेरिकेच्या ४ नंबरवर नजर ठेवा. ती बर्फावर उतरली की घड्याळ लावा, तिची स्टिक किती वेळ बर्फाला टेकलेली आहे ते बघा, आणि पक उचलायच्या आधी तिची मान किती वेळा मागे वळते ते मोजा.